ठिपक्यातली विहीर

दुपारचे दीड. शिरूर बसस्थानकासमोरचं मंगलताईंचं चहाचं दुकान. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं: मी, देवकर सर आणि दौंडचा बापू.

या सुमाराला आमच्या डोक्यावरून एक उपग्रह जातो. तो दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, तरी आम्ही तिघंही सवयीनं मान वर करतो. सर म्हणतात, "गेला." आतून मंगलताई विचारतात, "मग टाकू का चहा?" शिरूरमध्ये एका चहाची वेळ आभाळातून ठरते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

सर इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, सर धुराच्या मागं लागले. जमिनीवर कुठं जास्त उष्णता दिसली की उपग्रहाच्या नकाशावर तिथं लाल ठिपका उमटतो. संध्याकाळपर्यंत ते ठिपके सरांच्या मोबाइलवर येतात. ठिपका म्हणजे आग, आणि चित्रातला करडा पट्टा म्हणजे तिचा धूर. डोंगरातला वणवा असो, रानातलं उसाचं पाचट असो, वीटभट्टी असो. बापू दौंडहून एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो, मी शिरूरहून दुसऱ्याला. आम्ही एकमेकांचे स्पर्धक आहोत. पण चहा सर पाजतात, त्यामुळे तेवढ्यापुरता तह असतो.

मी आयुष्यभर बातमीदारी केली आणि निम्मं आयुष्य भांडण्यात घालवलं. धुरासारख्या विषयात हसण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. पण किस्से साचत गेले. बातमी कितीही मोठी लिहा, पेपरात ती एका कॉलममध्ये बसवतात, आणि कापलेलं सगळं या बाकावर उरतं. त्यातलं थोडं सांगतो.

*

पहिला बापूचा, कारण तो समोरच बसलाय आणि त्याला तो सांगितलेला आवडत नाही.

उपग्रहाची चित्रं कशी बघायची हे सरांनी त्याला एका दुपारी शिकवलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं सरांना न विचारता स्वतःच चित्र उघडलं. भीमेच्या दोन्ही काठांवर पांढरी पातळ चादर पसरलेली. सकाळी त्याच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी: 'दौंड तालुका धुराच्या विळख्यात.' सोबत एका डॉक्टरचा सल्ला आणि एका पुढाऱ्याचा रास्ता रोकोचा इशारा.

सरांनी पेपर वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

"बापू, हे ढग आहेत."

"कशावरनं सर?"

"धूर कुठून तरी निघतो. त्याला एक टोक असतं. याचं टोक मला दाखव."

बापू बराच वेळ मोबाइलवर बोट फिरवत टोक शोधत होता. शेवटी म्हणाला, "सर, आता दुरुस्ती छापता येणार न्हाई. रास्ता रोको उद्या हाय."

रास्ता रोको झाला. घोषणा झाल्या, निवेदन दिलं गेलं. दुपारी वारा सुटला, ढग पांगले, चांगलं ऊन पडलं. बापूनं दुसरी बातमी दिली: 'आंदोलनाला यश.'

*

तळेगाव ढमढेरेच्या बाजूला एका गावात कृषी खात्याचे एक अधिकारी ग्रामसभेत बोलायला आले होते. तरुण, कळकळीचा माणूस. ऊस तुटून गेल्यावर रानात जो पाला पडतो ते पाचट. लोक ते पेटवून देतात. हे म्हणाले, पेटवू नका, कुजवा, जमीन सुधारेल. सगळं बरोबर. पण शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आणि लपून जाळलं तर कळणार नाही असं समजू नका. रोज दुपारी दीड वाजता उपग्रह तुमच्या शिवारावरून जातो. त्याला सगळं दिसतं."

लोकांनी हे फार मन लावून ऐकलं. इतकं, की साहेबांना तिथंच शंका यायला हवी होती. मागून एकानं विचारलंही, "रोज दीडलाच येतो व्हय सायेब? लेट-बिट न्हाई व्हत?"

"अजिबात नाही."

"रैवारची सुट्टी?"

"त्याला सुट्टी नसते."

"बराय," असं म्हणून तो माणूस खाली बसला.

पुढच्या काही दिवसांत त्या भागातले लाल ठिपके भराभर कमी झाले. साहेबांनी पुण्याला जाऊन आपल्या जनजागृतीवर भाषण दिलं, टाळ्या घेतल्या. मी आणि सर चार वाजता त्या गावात गेलो तर शिवारात समोरचा माणूस दिसेना, एवढा धूर. बांधावर तोच ग्रामसभेतला माणूस उभा. पोरगा रांजणगावला कंपनीत, त्यामुळे घरात भाषा कंपनीची.

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"आमी कुठं न्हाई म्हनतोय? त्येची फर्स्ट शिफ्ट, आमची सेकंड. एका मशीनवर दोघांनी कशाला गर्दी करायची?"

सर म्हणाले, "मामा, एक फेरी मध्यरात्रीनंतरही असते."

"नाईटला कोन जाळतंय सर? झोपायचं का न्हाई मानसानं?"

परत येऊन मी साहेबांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण आकडे कमी झालेत हे तरी तुम्ही मान्य कराल की नाही?"

*

एकदा हिवाळ्याच्या शेवटी शिरूरवर दिवसभर दुधासारखं आभाळ होतं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. बाजारपेठेतल्या गाड्यांवर पिठासारखा थर. प्रत्येक जण रांजणगावच्या कारखान्यांना शिव्या घालत होता. मीही घालत होतो, मला सवय आहे.

सरांनी उपग्रहाचं चित्र उघडलं. धुळीचा भलामोठा पट्टा आखाती देशांकडून निघून, समुद्र ओलांडून, सरळ आमच्यापर्यंत आला होता. सर मोबाइल हातात घेऊन दुकानातल्या प्रत्येकाला तो पट्टा दाखवत होते. मंगलताईंनी बरण्या पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"म्हंजी ही धूळ दुबईची?"

"त्या बाजूची, हो."

"आमच्या मालकांनी दुबईला जायचं म्हनून पासपोर्ट काढला व्हता. पडूनच हाय." त्यांनी काउंटरवरच्या थरावर बोट फिरवलं आणि बघितलं. "चला, ती तरी आली."

*

वनखात्याच्या जमिनीजवळ लाल ठिपका पडला की तिथल्या वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज येतो: वणवा लागलाय, जाऊन खात्री करा. योजना चांगली आहे. डोंगरात तिचा उपयोगही होतो.

रांजणगावच्या बाजूला वनखात्याचा एक उघडा माळ आहे आणि त्याच्या कुंपणापलीकडे लोखंड वितळवणारा एक कारखाना. त्या भागात एक वनरक्षक नव्यानं बदलून आला. हजर झाला त्याच दिवशी मेसेज. गडी निष्ठेचा. दोन मजूर घेतले, वणवा झोडपायला ओल्या फांद्या तोडून घेतल्या आणि मोटारसायकल ठिपक्याच्या दिशेनं सोडली. माळावर गवताचं पान जळालेलं नाही. मोबाइल म्हणतोय आग समोर. समोर कारखान्याचं गेट.

गेटवर बिहारचा सिक्युरिटी गार्ड. त्यानं फांद्या घेतलेले तिघं बघितले. त्याला वाटलं कसली तरी पूजा आहे. वनरक्षकानं समजावून सांगितलं, आग लागली आहे, विझवायला आलो आहे.

गार्ड शांतपणे म्हणाला, "साहब, ये भट्ठी है. बारह महीना जलती है. बुझानी है तो मैनेजर साहब से मिल लीजिए."

वनरक्षकानं वर कळवलं की ही भट्टी आहे. वरून उत्तर आलं, मेसेज आला म्हणजे त्यावर कारवाई दिसली पाहिजे. तेव्हापासून तो मेसेज आला की 'आग आटोक्यात' असं उत्तर पाठवतो. सरकारदरबारी ती भट्टी रोज पेटते आणि रोज विझते. मला हे त्यानंच सांगितलं. वर म्हणाला, "दादा, आजपर्यंत एवढे वणवे विझवलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल."

*

आता भाऊंचा. भाऊ म्हणजे आमच्याकडचे एक वजनदार पुढारी. साखरेच्या राजकारणातले. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येक तालुक्यात एक तरी भाऊ असतोच.

सरांच्या जुन्या कॉलेजात धूर आणि उपग्रह या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं आणि प्रमुख पाहुणे भाऊ. पडद्यावर सरांनी कासुर्डी, यवतचा भाग दाखवला. कालवा, हायवे, उसाचे हिरवे चौकोन. एका चौकोनाच्या कोपऱ्यात लाल पत्र्याचं ऐसपैस फार्महाऊस. भाऊ खुर्चीत पुढं सरकले.

"सर, हे आपलंच दिसतंय."

"हो भाऊ."

"हा सॅटेलाइट कुणाच्या हद्दीत येतो?"

"त्याला हद्द नसते. तो पृथ्वीभोवती फिरतो."

"ते मान्य. पण कुणाच्या तरी अंडर असेल ना? कलेक्टर? का मंत्रालयातून आहे?"

भाऊंनी मागं उभ्या असलेल्या पीएकडे मान वळवली. "बघून घे कुणाचा आहे. म्हणावं, आपल्या भागात यायच्या आधी एक फोन करत जा."

सगळं सभागृह हसलं. भाऊ हसले नाहीत आणि पीएनं खिशातून पेन काढलं, हे मी पहिल्या रांगेतून पाहिलं.

*

शेवटचा खंडूआबांचा.

आबा कासुर्डीच्या शिवारातले. वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. तरुणपणी आबाही फिरले. मग कालव्याच्या कडेला थोडी जमीन घेतली, विहीर काढली, ऊस लावला आणि एका जागी बसले. त्यांना बापू आमच्याकडे घेऊन आला. बाकावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सरांना म्हणाले, "ह्यो म्हनतोय तुमाला वरचं कळतं. मग एवढं सोडवा."

घडलं होतं ते असं. ऊसतोडीच्या दिवसांत, दुपारच्या वेळी, आबांच्या शिवाराजवळ हायवेवर धुराचा लोट आडवा आला. समोरचं दिसेनासं झालं. रांजणगावला दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन निघालेली कंपनीची बस पुढच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. कुणी दगावलं नाही, पण ड्रायव्हरचा पाय मोडला. तो पोरगा यवतचा. त्याचं घर आणि आबांचं घर जुन्या ओळखीचं.

पाचट कुणी पेटवलं याचा शोध सुरू झाला. महसूल खात्याच्या पथकाला वरून एक चित्र मिळालं, त्यात लाल ठिपका. पथकानं ठिपक्याच्या बरोबर मधली जागा मोबाइलमध्ये टाकली आणि मोबाइल नेईल तिकडं निघालं. मोबाइल 'पोहोचलात' म्हणाला तेव्हा पथक आबांच्या विहिरीच्या काठावर उभं होतं. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आत गेलं असतं.

तिथंच पंचनामा झाला. 'सदर ठिकाणी आग विझलेल्या अवस्थेत आढळून आली.' विहिरीत ती पेटलेल्या अवस्थेत कशी आढळणार, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. विहीर आबांची, म्हणून फिर्यादीत नाव आबांचं.

सरांनी विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही काहीच पेटवलं नव्हतं?"

"सर, माजा ऊस तवा उभा व्हता. तोडच आली नव्हती. मग पाचट कुठनं आणू, शेजाऱ्याकडनं उसनं?"

बापू हसला. आबाही हसले. मग टोपीची घडी घालत म्हणाले, "मेंढरांमागं व्हतो तवा गावात कोंबडी हरवली तरी पयलं आमच्या तळावर यायचे. म्हनलं, जमीन घ्यावी, एका जागी ऱ्हावं, म्हंजी कोन इचारणार न्हाई. आता वरनं हुडकत आले." पुढं म्हणाले, "केसचं काय व्हायचं ते हुईल. पर त्या ड्रायव्हरची आई बाजारात मला बगून तोंड फिरवती. तिला सांगायचंय की मी न्हाई. तिला वाटतं कागदावर हाय म्हंजी खरंच आसंल."

आम्ही तिघं आबांना घेऊन दौंडला महसूल खात्याच्या साहेबांकडे गेलो. साहेब मऊ बोलणारे होते. त्यांनी चहा मागवला आणि टेबलावर ते चित्र ठेवलं.

सर म्हणाले, "साहेब, हा ठिपका म्हणजे टाचणीचं टोक नव्हे. या उपग्रहाला इतकं बारीक दिसत नाही. एका ठिपक्याच्या पोटात कितीतरी शेतं मावतात. आग त्यातल्या कुठल्याही शेतात असू शकते. मधोमध विहीर आली, एवढाच आबांचा दोष."

"बरं. मग यात आणखी कुणाकुणाची शेतं येतात?"

"आबांचं रान, कालवा, थोडा हायवे, आणि उत्तरेला..." सर थांबले.

बापूनं वाक्य पुरं केलं. "भाऊंचा सलग पट्टा."

साहेबांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"हे बघा," ते म्हणाले, "उपग्रहाच्या चित्रावरून एखाद्यावर ठपका ठेवणं मला योग्य वाटत नाही. ते तंत्रज्ञान अजून तितकं अचूक नाही."

"मग आबांवर कशावरून ठेवला?" मी विचारलं.

"तो प्राथमिक अंदाज होता."

"मग तो अंदाज मागं घ्या. आत्ता, आमच्यासमोर."

माझा आवाज बाहेरच्या शिपायापर्यंत गेला असणार, कारण त्यानं दारातून डोकं आत घातलं. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पिशवीतून आणखी दोन चित्रं काढली. ती दुसऱ्या एका उपग्रहाची. तो रोज येत नाही, काही दिवसांनी येतो, पण त्याची नजर धारदार आहे, वेगवेगळी शेतं ओळखू येतात. पहिलं चित्र अपघाताच्या आधीचं. उत्तरेचा पट्टा ऊस तुटून गेल्यामुळे पिवळट, खाली आबांचा ऊस हिरवागार. दुसरं अपघातानंतरचं. आबांचा ऊस तसाच हिरवा. आणि वरचा पट्टा काळा, बांधाला बांध लावून, पट्टीनं आखल्यासारखा चौकोन. चौकोनाच्या कोपऱ्यात लाल पत्रा.

साहेबांनी चष्मा लावला. चित्र जवळ नेलं, लांब धरलं.

"चित्र छान आलंय," ते म्हणाले. "एक प्रत ठेवून जा."

आबांनी चित्रावर बोट ठेवलं. "सायेब, त्याला येवढ्या लांबनं दिसलं. तुमाला तर हितनं जीपच काढायचीय."

"मामा, आम्ही पुन्हा पथक पाठवतो," साहेब म्हणाले.

पाठवलं, हे मान्य केलं पाहिजे. पथकानं जुनीच जागा मोबाइलमध्ये टाकली आणि पुन्हा विहिरीवर येऊन उभं राहिलं. आबांनी त्यांना हातानं उत्तरेचा पट्टा दाखवला. पथकातला एक जण म्हणाला, "आम्हाला लोकेशन हेच दिलंय." आबांनी सगळ्यांना चहा पाजला. आम्हाला हे सांगताना म्हणाले, "आता तिसऱ्यांदा आले तर दोर आन् बादली काढून ठेवतो. आत उतरून बगायचं आसंल तर बगू द्या."

या सगळ्याची बातमी मी तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा ती छापून आली, एका कॉलममध्ये, भाऊंच्या वाढदिवसाच्या जाहिरातीखाली.

त्या धारदार नजरेच्या उपग्रहाचं नवं चित्र आलं की सर आधी तो चौकोन उघडतात. काळा होता तो करडा झाला. मग कडेनं पोपटी दिसायला लागला. परवा दीडचा चहा झाल्यावर सरांनी मोबाइल आमच्यापुढं धरला. सगळा चौकोन गर्द हिरवा. तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून भाऊंचा खोडवा चांगला फुटलाय. कुठलं रान जळालं होतं हे आता वरूनही ओळखू येत नाही.

आबांचं नाव फिर्यादीत आहे. ड्रायव्हर काठी घेऊन चालतो, आणि त्याची आई यवतच्या बाजारात आबांना बघून अजून तोंड फिरवते.

पंचनामे दोन झालेत. दोन्ही विहिरीचे.